आठ गांवांची एक शाळा

शाळा म्हटली कीं एक वास्तु, एक पटांगण, एक घंटा आणि त्या घंटेच्या नादाच्या टप्प्यांत वावरणारीं मुलें, असें चित्र डोळ्यांसमोर उभें राहतें. विद्यापीठ कितीहि मोठें झालें, तरी त्याचें एखादें शहर ठरलेलें असतें व पुष्कळदां त्या शहराच्या नांवानेंच तें ओळखलें जातें. फ्रान्समध्यें मात्र एक जुनी विद्यासंस्था अशी आहे, कीं तिला अमुक एक गांव आपलें असें म्हणतां येत नाहीं. उत्तरेस लील, पूर्वेस शालों व मेत्स, पश्चिमेस आंझे, नैर्ऋत्येस बोर्दो, दक्षिणेस एक्स, बर्गंडी प्रांतांत क्लुनी, आणि शिवाय राजधानी पॅरिस, अशा आठ ठिकाणीं तिचीं केंद्रें आहेत. केंद्रें आठ असलीं, तरी संस्था एक आणि तिनें दिलेली इंजिनियरची पदवीहि एक. या संस्थेचें नांव 'आर्झ ए मेतिये'. 'आर्झ' म्हणजे कला आणि 'मेतिये' म्हणजे हातचा धंदा. कला या शब्दाचा अर्थ येथें गायन किंवा चित्र असा नाहीं. लोहाराच्या हातोड्यांत आणि सुताराच्या रंध्यांत जी कला असते, ती येथें अभिप्रेत आहे.

आठ गांवीं पसरलेली शाळा एकजीव कशी राहते, तेथें विद्यार्थी काय शिकतो आणि संशोधक काय शोधतो, हें समजण्यासाठीं प्रथम तिचा जन्म पाहिला पाहिजे; कारण तिच्या आजच्या पुष्कळशा गुणांचें आणि कांहीं अडचणींचेंहि मूळ त्या जन्मकथेंत आहे.

इ. स. १७८० सालीं ड्यूक द ला रोशफुको-लियांकूर या फ्रेंच सरदारानें, पॅरिसच्या उत्तरेस असलेल्या आपल्या लियांकूर येथील जहागिरींत, शेतावरील इमारतींत एक लहानशी शाळा काढली. ड्यूकच्या हाताखालीं घोडदळाची एक पलटण होती. त्या पलटणींतील गरीब शिपायांच्या मुलांना लिहिणें, वाचणें व हिशेब यावा, आणि त्याबरोबरच पोट भरण्याजोगा एखादा धंदा त्यांच्या हातांत बसावा, एवढीच त्याची कल्पना होती. हा सरदार मोठा उद्योगी व परोपकारी होता. फ्रान्समध्यें देवी टोंचण्याच्या प्रथेचा प्रसार करणाऱ्यांत आणि सामान्य लोकांसाठीं बचतपेढी काढणाऱ्यांत त्याचें नांव अग्रभागीं आहे. १७८९ च्या जुलै महिन्यांत बास्तीलचा किल्ला पडल्याचें वृत्त राजा सोळाव्या लुईला त्यानेंच कळविलें. राजानें हें बंड आहे काय असें विचारतांच, बंड नव्हे, ही क्रांति आहे, असें उत्तर त्यानें दिलें, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे.

त्या क्रांतीनेंच पुढें १७९२ सालीं त्याला देशाबाहेर घालविलें. इंग्लंड आणि अमेरिका येथें वनवास भोगून तो १७९९ सालीं परत आला, तेव्हां त्याची शाळा नव्या सरकारच्या छत्राखालीं गेलेली होती. ती लवकरच कोंपिएन्य येथें नांदूं लागली. १८०३ सालीं नेपोलियन बोनापार्टनें तिला नवें रूप देऊन 'कला व धंदे यांची शाळा' असें नांव दिलें, आणि १८०६ सालीं ती शालों येथें नेण्यांत आली. बोनापार्टच्या मनांत एक व्यावहारिक उणीव खुपत होती. कारखान्यांत कसबी मुकादम होते. परंतु त्यांना गणित व रेखाटन येत नसे. ज्यांना गणित येई, त्यांना ऐरणीपाशीं उभें राहण्याची संवय नसे. नकाशा वाचतां येणारा आणि त्या नकाशाप्रमाणें वस्तु स्वतः घडवितां येणारा मनुष्य त्याला हवा होता. म्हणून या शाळेंत वर्गाच्या जोडीला कर्मशाळा आल्या. लोहारकाम, कानसकाम, कातकाम, ओतकाम, सुतारकाम, गाडे बांधण्याचें काम, अशा एकेका धंद्याची वेगळी कर्मशाळा असे, आणि विद्यार्थ्याचा दिवसाचा मोठा भाग तेथेंच जाई.

आतां आठ गांवें कां, या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाहीं. शालोंच्या मागून १८११ सालीं पश्चिमेकडील बोप्रेओ या गांवीं दुसरी शाळा उघडली. तो मुलूख राजपक्षाच्या बंडाळीनें अशांत झालेला; १८१५ च्या धामधुमींत ती शाळा आंझे येथें हलविण्यांत आली. १८४३ सालीं दक्षिणेंत एक्स-आं-प्रोव्हान्स येथें तिसरी शाळा निघाली. त्या काळीं आगगाडीचें जाळें पसरलेलें नव्हतें. समुद्रकांठच्या एखाद्या सुताराच्या मुलानें देश ओलांडून शालोंला जावें, ही अपेक्षाच व्यर्थ होती. म्हणून प्रत्येक शाळेला देशाचे ठराविक जिल्हे नेमून दिले गेले, आणि त्या जिल्ह्यांतील मुलें तेथें वसतिगृहांत राहून शिकूं लागलीं. विद्यार्थ्याला राजधानींत ओढून आणण्याऐवजीं शाळेनेंच त्याच्या प्रांतांत जावें, हें तत्त्व अशा रीतीनें रूढ झालें. फ्रान्ससारख्या, सर्व कांहीं पॅरिसमध्यें एकवटणाऱ्या देशांत ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

पुढें आगगाडी आली, तरी शाळांची संख्या वाढतच गेली. १९०० सालीं कापड आणि लोखंड यांच्या गिरण्या-कारखान्यांनीं गजबजलेल्या लीलमध्यें, १९०१ सालीं क्लुनी येथें, १९१२ सालीं पॅरिसमध्यें, १९६३ सालीं बोर्दोला लागून असलेल्या तालांस येथें आणि १९९७ सालीं जर्मन सरहद्दीजवळच्या मेत्स येथें एकेक केंद्र झालें. यांपैकीं आंझेचें केंद्र रोंसरे नांवाच्या जोगिणींच्या जुन्या मठांत आणि क्लुनीचें केंद्र बेनेडिक्टीन साधूंच्या विख्यात मठांत आहे. क्रांतीच्या काळीं धर्मसंस्थांची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यांत आली. रिकामे पडलेले भक्कम दगडी मठ सरकारला वसतिगृहांसाठीं आयतेच मिळाले. जेथें जपमाळ फिरत होती, तेथें लेथ फिरूं लागला.

संस्थापकाविषयीं विद्यार्थ्यांच्या मनांत किती आदर होता, हें त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशीं दिसून आलें. उदारमतवादी विचारांमुळें सरकारनें १८२३ सालीं त्याच्याकडून शाळांच्या देखरेखीचें काम काढून घेतलें होतें. १८२७ च्या मार्चमध्यें पॅरिस येथें त्याचा अंत झाला, तेव्हां शालोंच्या माजी विद्यार्थ्यांनीं शवपेटी खांद्यावर घेतली. सरकारला ही मिरवणूक राजकीय वाटली. शिपायांनीं त्यांना अडविलें, झटापट झाली आणि त्या गर्दींत शवपेटी रस्त्यावर पडली. या प्रकारानें सर्व देशांत संताप उसळला. कारागिरांच्या मुलांनीं एका ड्यूकला खांदा देण्याचा हक्क मागावा आणि सरकारनें तो नाकारावा, या घटनेंत त्या युगाची सगळी ओढाताण सांठविलेली आहे.

या शाळांनीं प्रथम मुकादम निर्माण केले. परंतु एकोणिसाव्या शतकांत यंत्रांचें राज्य वाढलें, तशी त्यांच्या विद्यार्थ्यांची चढतीहि झाली. आगगाडीच्या कारखान्यांत, जहाजांच्या यंत्रशाळांत आणि शतकाच्या अखेरीस मोटारींच्या धंद्यांत ते पुढें आले. मोटारींच्या इतिहासांत गाजलेले एमिल दलाए आणि लुई दलाझ हे दोघेहि आंझेचे विद्यार्थी. तेव्हां काम इंजिनियरचें आणि नांव मुकादमाचें, ही विसंगति फार दिवस टिकणें शक्य नव्हतें. १९०७ सालीं या शाळांना इंजिनियरचें प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मिळाला. फ्रान्समध्यें नुसता 'इंजिनियर' हा शब्द कोणीहि लावूं शकतो. परंतु 'पदवीधर इंजिनियर' ही पदवी १९३४ च्या कायद्यानें संरक्षित केलेली आहे, आणि कोणत्या शाळेनें ती द्यावी हें पाहण्यासाठीं त्या कायद्यान्वयें एक स्वतंत्र मंडळ नेमलेलें आहे. शाळेची ठराविक मुदतीनें तपासणी होते व मान्यता नव्यानें मिळवावी लागते.

या शाळेंत प्रवेश मिळण्याचा नेहमींचा मार्ग असा आहे. माध्यमिक शिक्षणाच्या शेवटीं 'बाकालोरेआ' ही परीक्षा देऊन विद्यार्थी दोन वर्षांच्या पूर्वतयारीच्या वर्गांत जातो. हीं दोन वर्षें मोठ्या कष्टाचीं असतात. गणित, पदार्थविज्ञान आणि यंत्रविद्या यांचा भडिमार तर असतोच. शिवाय प्रत्येक आठवड्याला फळ्यापाशीं उभें राहून तोंडी परीक्षेला तोंड द्यावें लागतें. त्याच काळांत विद्यार्थ्यानें स्वतः निवडलेल्या एका प्रश्नावर लहानसें संशोधनहि करावयाचें असतें. नंतर स्पर्धापरीक्षा होते. लेखी परीक्षा वसंत ऋतूंत आणि तोंडी उन्हाळ्याच्या आरंभीं. गुणानुक्रम लागतो व त्याप्रमाणें शाळा मिळते. पूर्वतयारीच्या वर्गांचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकीं पदार्थविज्ञान व यंत्रविद्या यांवर भर देणारा वर्ग हा आर्झ ए मेतियेचा मुख्य झरा होय. याखेरीज विद्यापीठांतून आलेल्यांना आणि एखाद्या कारखान्यांत उमेदवारी करीत शिकणाऱ्यांनाहि वेगळीं द्वारें आहेत. उमेदवार विद्यार्थी कांहीं काळ शाळेंत व कांहीं काळ कारखान्यांत काढतो, आणि कारखाना त्याला वेतन देतो.

शाळेंतील मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. यंत्रगति, पदार्थांचें बळ, द्रवांचें व वायूंचें वहन, उष्णता व शक्ति, विद्युत्, स्वयंचलन, कारखान्याची व्यवस्था, अर्थशास्त्र आणि परकीय भाषा, हे विषय सर्वांना असतात. परंतु ज्या गोष्टीमुळें ही शाळा इतर इंजिनियरी शाळांहून निराळी ठरते, ती गोष्ट म्हणजे तिची कर्मशाळा. विद्यार्थी संगणकावर एखादा भाग रेखाटतो, तेव्हां तो ओतला कसा जाईल, ठोकून घडविला तर त्याच्या धातूचे कण कोणत्या दिशेनें वळतील, लेथवर कातावयाचा झाल्यास तो पकडावयाचा कोठें, हे प्रश्न त्याला त्या त्या यंत्रासमोर उभें राहून सोडवावे लागतात. सांच्यांत ओतलेला रस थंड होतांना आकसतो, हें पुस्तकांत एका ओळींत लिहितां येतें. परंतु आकसल्यामुळें मधोमध पोकळी पडलेला तुकडा एकदां हातांत घेतला, म्हणजे ती ओळ जन्मभर विसरत नाहीं. शिक्षणाच्या काळांत विद्यार्थ्याला कारखान्यांत मजुराच्या जागीं उभें राहून कांहीं आठवडे काम करावें लागतें. पुढें ज्यांना हुकूम द्यावयाचे, त्यांच्या रांगेंत आधीं उभें राहावें, हा त्यांतील हेतु आहे. अखेरीस कित्येक महिन्यांचें एक मोठें काम एखाद्या कारखान्यांत किंवा प्रयोगशाळेंत पार पाडल्यावर पदवी मिळते.

आठ केंद्रांचा उपयोग शेवटच्या वर्षीं विशेष दिसून येतो. आरंभीचा पाया सर्वत्र सारखा असतो. परंतु शेवटीं विद्यार्थी एक विशिष्ट विषय निवडतो, आणि तो विषय ज्या केंद्रांत पिकतो तेथें बिऱ्हाड हलवितो. लीलमध्यें विद्युत्-यंत्रांचें काम मोठें आहे. क्लुनीला धातु व लाकूड कापण्याचें. मेत्सच्या केंद्राचें जर्मनींतील कार्ल्सरूह येथील विद्यापीठाशीं सख्य असून, तेथील विद्यार्थ्यांना दोन्ही देशांत राहून दोन्ही देशांच्या पदव्या घेतां येतात. मेत्स शहर १८७१ पासून १९१८ पर्यंत जर्मनीकडे होतें आणि दुसऱ्या महायुद्धांत पुन्हा जर्मनांच्या ताब्यांत गेलें होतें, हें ध्यानांत आणलें, म्हणजे एकाच कर्मशाळेंत शेजारी शेजारी काम करणाऱ्या या मुलांचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं.

एवढ्या अंतरावरच्या केंद्रांना बांधून ठेवणारा धागा नुसत्या नियमांचा नाहीं. येथील विद्यार्थ्यांना 'गाझार' म्हणतात. 'कलाशाळेचे गडी' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांचें तें मोडीव रूप आहे. राखी रंगाचा लांब अंगरखा, स्वतःची बोली, वर्गाचीं गाणीं आणि आधींच्या तुकडीनें नंतरच्या तुकडीला सांभाळण्याची रीत, हें सर्व केंद्रांत सारखें आढळतें. माजी विद्यार्थ्यांचा संघ १८४६ पासून चालत आला आहे. या बंधुभावाची कसोटी एका काळ्या प्रसंगीं लागली. नोव्हेंबर १९४० मध्यें, जर्मन अंमलाखालील पॅरिसमध्यें, झाक बोंसेर्झां हा अठ्ठावीस वर्षांचा इंजिनियर मित्रांसह एका लग्नाहून परतत असतां रस्त्यांत जर्मन सैनिकांशीं बाचाबाची झाली. मित्र निसटले, तो एकटा पकडला गेला. बरोबर कोण होते, हें त्यानें अखेरपर्यंत सांगितलें नाहीं. त्याच वर्षीं २३ डिसेंबरला त्याला गोळी घालण्यांत आली. तो आर्झ ए मेतियेचा विद्यार्थी होता. पॅरिसच्या भुयारी रेल्वेचें एक स्थानक आज त्याच्या नांवानें आहे.

परंतु या परंपरेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. नवागतांना 'घडविण्याच्या' नांवाखालीं जे आठवडे पाळले जात, त्यांतील दडपणाविरुद्ध वारंवार टीका झाली. १९९८ सालीं फ्रान्सनें नवागतांचा छळ हा कायद्यानें गुन्हा ठरविला, आणि त्यानंतर या प्रथांना आवर घालणें हें शाळेच्या चालकांचें कर्तव्यच होऊन बसलें. बंधुभाव आणि जबरदस्ती यांच्यामधील रेषा बारीक असते. जो आंत आहे त्याला ती दिसत नाहीं, आणि जो नुकताच दारांत उभा आहे त्याला ती फार स्पष्ट दिसते. या शाळेंत पहिली विद्यार्थिनी १९६४ सालीं आली, म्हणजे शाळेच्या स्थापनेनंतर १८४ वर्षांनीं; आणि यंत्रविद्येच्या वर्गांत मुलींची संख्या आजहि मुलांच्या मानानें कमीच आहे. 'गडी' या शब्दाचा अर्थ रुंदावण्यास बराच काळ लागावा, यांत नवल नाहीं.

शिक्षणाच्या शेजारीं संशोधन कसें चालतें, तें आतां पाहूं जावें. येथील अध्यापक हा बहुधा संशोधकहि असतो. फ्रान्समधील सरकारी नियमाप्रमाणें अशा अध्यापकानें वर्षाला १९२ तास शिकविलें पाहिजे. उरलेला वेळ प्रयोगशाळेचा. प्रयोगशाळा ही पुष्कळदां एकट्या शाळेच्या मालकीची नसते. ती शाळा, जवळचें विद्यापीठ आणि १९३९ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्र, अशा दोघांतिघांच्या भागीदारींत चालते. बोर्दो व मेत्स येथील मोठ्या प्रयोगशाळा या प्रकारच्या आहेत. उलटपक्षीं, धातूंचे पृष्ठभाग व ते घडविण्याच्या पद्धति यांवर काम करणारी एक प्रयोगशाळा अशी आहे, कीं ती एकच असून एक्स, शालों व लील या तीन गांवीं वांटलेली आहे. एका ठिकाणीं तयार झालेला नमुना दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रावर तपासला जातो. प्रत्येक गांवीं प्रत्येक महागडें यंत्र घेण्याची गरज यामुळें राहत नाहीं. मात्र माणसांना आणि नमुन्यांना सतत आगगाडींत बसावें लागतें.

स्थानिक परिस्थितीचा संशोधनाशीं किती निकट संबंध असतो, हें क्लुनीवरून कळेल. बर्गंडींत जंगल विपुल आहे. तेथील प्रयोगशाळेंत, फिरत्या ओंडक्यावरून धारदार पात्यानें लाकडाचा अखंड पातळ पापुद्रा सोलून काढण्याच्या क्रियेचा अभ्यास होतो. या पापुद्र्यांचे थर चिकटवूनच प्लायवुड तयार होतें. पातें किती कोनांत धरावें, लांकूड किती ओलें असावें, चीर कोठें पडते, या गोष्टींवर त्या धंद्याचा नफा-तोटा अवलंबून असतो.

त्याच क्लुनींत एक निराळें कामहि झालें. इ. स. ९१० मध्यें स्थापन झालेल्या तेथील मठाचें तिसरें देवालय १०८८ सालीं बांधावयास घेतलें होतें. सुमारें १८७ मीटर लांबीचें तें देवालय, रोममधील संत पीटरचें आजचें मंदिर उभें राहीपर्यंत, ख्रिस्ती जगांतील सर्वांत मोठें मंदिर होतें. क्रांतीनंतर तें विकलें गेलें आणि दगडांसाठीं पाडलें गेलें. एका बाजूचा थोडासा भाग तेवढा उरला. मोटारीचे भाग रेखाटण्यासाठीं जीं संगणकीय साधनें वापरीत, त्यांच्याच साह्यानें १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभापासून येथील इंजिनियरांनीं हें नाहींसें झालेलें देवालय पडद्यावर पुन्हा उभें केलें. पुरातत्त्वज्ञांनीं मापें आणि अवशेष पुरवावे, इंजिनियरांनीं कमानींचा भार पेलतो कीं नाहीं हें पाहावें, अशी ही जोडी होती. २०१० सालीं मठाच्या अकराशेव्या वर्षीं तें चित्र लोकांना पाहावयास मिळालें.

परंतु या शाळेच्या संशोधनाचा सामान्य कुटुंबाशीं सर्वांत जवळचा संबंध येतो तो पॅरिसमधील शरीरयंत्रशास्त्राच्या प्रयोगशाळेंत. वाढत्या वयांत कांहीं मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, पाठीचा कणा वांकडा होऊं लागतो. वांक वाढतो आहे कीं थांबला आहे, हें पाहण्यासाठीं त्या मुलीचें क्ष-किरण छायाचित्र कित्येक वर्षें पुनःपुन्हा घ्यावें लागतें, आणि कोवळ्या शरीराला क्ष-किरणांचा मारा जितका कमी तितका बरा. शिवाय छायाचित्र सपाट. कणा मात्र वांकतो तसाच पिळतोहि. निजवून चित्र घेतलें, तर अंगाचा भार कण्यावर पडत नाहीं व वांक खरा दिसत नाहीं. झॉर्झ शारपाक या शास्त्रज्ञाला १९९२ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें तें अणूंच्या अंतर्भागांतील कण टिपणाऱ्या उपकरणाबद्दल. तें उपकरण इतकें तीक्ष्ण होतें, कीं त्याच्या तत्त्वावर क्ष-किरण टिपले, तर फार थोडे किरण पुरावेत. शल्यवैद्य, शारपाकचे सहकारी आणि या प्रयोगशाळेंतील इंजिनियर यांनीं मिळून 'इऑस' नांवाचें यंत्र सिद्ध केलें. मूल त्यांत उभें राहतें. समोरून व बाजूनें अशीं दोन चित्रें एकाच वेळीं घेतलीं जातात. आणि त्या दोन सपाट चित्रांवरून कण्याची घनाकृति गणितानें उभी करण्याचें काम शाळेंतील संशोधकांनीं केलें. नेहमींच्या छायाचित्रापेक्षां किरणांचा मारा पुष्कळच कमी झाला. ही प्रयोगशाळा आज शारपाकच्या नांवानेंच ओळखली जाते. भार कोठें पडतो, वांक कोठें येतो, हे लोखंडी तुळईविषयींचे प्रश्न हाडामांसाच्या तुळईला विचारण्यांत आले. त्यांचें हें फळ आहे.

अशा प्रयोगशाळेंत डॉक्टरेटसाठीं जो येतो, त्याची स्थिति निव्वळ विद्यार्थ्याची नसते. त्याला सामान्यतः तीन वर्षांचा करार व मासिक वेतन असतें. १९८१ पासून एक उपयुक्त योजना सर्व फ्रान्सभर चालू आहे: संशोधकाला एखादी उद्योगसंस्था नोकरींत घेते, सरकार त्या संस्थेला मदत देतें, आणि तो मनुष्य कांहीं दिवस कारखान्यांत व कांहीं दिवस प्रयोगशाळेंत काम करून आपला प्रबंध लिहितो. यांत लाभ आहे तसा ताणहि आहे. कारखान्याला उत्तर लवकर हवें असतें. प्रबंधाला तें खरें हवें असतें. कारखान्याला गुप्तता हवी. विद्येला प्रसिद्धि हवी. म्हणूनच प्रबंध पुरा झाल्यावर तो बाहेरच्या दोन विद्वानांकडे तपासणीस जातो; त्यांचा अभिप्राय अनुकूल आल्यावरच उमेदवाराला परीक्षकांसमोर उभें राहून आपल्या मताचें समर्थन करतां येतें, आणि ही सभा साधारणतः सर्वांना खुली असते.

आठ गांवांच्या शाळेचे तोटेहि आहेत. पॅरिसबाहेरच्या लहान गांवीं नांवाजलेले अध्यापक टिकवून धरणें कठीण पडतें. क्लुनीसारखें गांव केवळ कांहीं हजार वस्तीचें. जलद आगगाडीचें स्थानक माकों येथें, म्हणजे तेथून वेगळा प्रवास करावा लागतो. एकच निर्णय आठ ठिकाणीं समजावून द्यावा लागतो, आणि आपल्या प्रांताचें केंद्र मागें पडूं नये म्हणून प्रत्येक शहर जागरूक असतें. परंतु यापेक्षां खोल असा प्रश्न दुसराच आहे. ही शाळा गरीब शिपायांच्या मुलांसाठीं निघाली. तिची प्रतिष्ठा जसजशी वाढली, तसतशी तिची पायरीहि उंच झाली. दोन वर्षें कसून अभ्यास करविणारे वर्ग, त्यानंतरची स्पर्धा, या चाळणींतून सुशिक्षित व सुस्थित घरांतील मुलें अधिक सुलभतेनें उतरतात, ही तक्रार फ्रान्समधील सर्वच उच्च शाळांविषयीं ऐकूं येते. उमेदवारांचें दार आणि तांत्रिक शाळांतील मुलांसाठीं ठेवलेली स्वतंत्र स्पर्धा हे या तक्रारीवरचे उपाय होत. ते पुरे पडतात कीं नाहीं, याचा वाद तेथें संपलेला नाहीं.

भारतीय विद्यार्थ्याच्या दृष्टीनें दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पूर्वतयारीचीं दोन वर्षें ही फ्रेंच पद्धतीची गुरुकिल्ली असल्यामुळें, बारावीनंतर सरळ त्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांत शिरण्याचा मार्ग नाहीं. येथील इंजिनियरीची पदवी घेऊन पुढील अभ्यासासाठीं अगर संशोधनासाठीं जाणें हाच सरळ रस्ता होय. मार्च २०१८ मध्यें भारत व फ्रान्स यांनीं एकमेकांच्या शैक्षणिक पदव्या मान्य करण्याविषयीं करार केला, त्यामुळें हा रस्ता पूर्वीपेक्षां सोपा झाला आहे. दुसरी गोष्ट भाषेची. प्रयोगशाळेंतील लेखन इंग्रजींत चालतें. परंतु कर्मशाळेंतला मिस्त्री, वसतिगृहांतला शेजारी आणि क्लुनीचा भाजीवाला फ्रेंचच बोलतो. जो विद्यार्थी भाषा शिकून जातो, त्यालाच आठ गांवांपैकीं निदान एक गांव आपलें होतें.

अखेर हातांतील कसब आणि डोक्यांतील गणित यांचा मेळ बसला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण पिएर बेझिए याचें आहे. १९३० सालीं तो या शाळेंतून इंजिनियर झाला आणि १९३३ पासून १९७५ पर्यंत रनो मोटारींच्या कारखान्यांत त्यानें काम केलें. त्या काळीं मोटारीच्या पत्र्याचें वळण लांकडी व मातीच्या नमुन्यांवर, कसबी माणसाच्या नजरेनें ठरे, आणि एका नमुन्यावरून दुसरा करतांना तें थोडें तरी बदलेच. तें वळण यंत्राला नेमकें सांगतां यावें, म्हणून बेझिएनें थोड्याशा बिंदूंनीं कोणतीहि वक्ररेषा बांधण्याची पद्धति रूढ केली. सीत्रोएन कारखान्यांतील पोल द कास्तेल्झो यानेंहि स्वतंत्रपणें तोच मार्ग शोधला होता. परंतु जगानें त्या रेषांना नांव दिलें बेझिएचें. आज संगणकावर जुळविलेल्या प्रत्येक अक्षराचें वळण अशाच रेषांनीं रेखलेलें असतें. देवनागरी 'क'चा पोट आणि 'श'ची गांठहि त्याला अपवाद नाहीं.